मागचं दार

ताईच्या पत्राला त्याने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र आलं तेव्हा बायको हसली होती. "आपल्या वयाची माणसं पत्रं कधीपासून लिहायला लागली?"

पण गोदामातल्या कामगारांच्या ग्रुपवर जे जे तक्रारीचं बोलले, ते महिनाभरात घरी बसले होते. ताईसुद्धा. म्हणून हा कागद, आणि सोबत कामगार निरीक्षकांच्या पत्त्याचं, तिकीट लावलेलं पाकीट. 'कामाच्या वेळी मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतं, एवढं लिहून सही कर. निरीक्षक निनावी तक्रार घेत नाहीत.'

माल चोरीला जाऊ नये म्हणून ते कुलूप रोज तोच लावायचा. वय सदतीस, हुद्दा पाळीप्रमुख, घराचे हप्ते मानगुटीवर. गोदामातली पोरं त्याला 'कुलूपकाका' म्हणत. सही करणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पाकीट खिशातच मळत राहिलं.

आज त्याची मेव्हणी पॅकिंगला लागली. आत जाताना म्हणाली, "काय भावोजी, कोंबड्या कोंडताय होय?"

"अंडी रात्री मोजून घेईन."

सगळ्याजणी हसल्या. त्याने कुलूप लावलं.

दुपारी रबर जळल्याचा वास आला. माल वाहणारा पट्टा घासत असेल, नेहमीचंच, असं त्याने स्वतःला सांगितलं. मग आतून दारावर थाप पडली. मग पुष्कळ थापा.

"भावोजी!"

किल्ली कुलपात जाईना. तो ती उलटी घालत होता. दार उघडलं, तसा धूर बाहेर आला आणि त्यामागून खोकणाऱ्या बायका. मेव्हणी सगळ्यांत शेवटी.

पट्ट्याची मोटर जळली होती, एवढंच. साहेब आले. "कुणाला विचारून उघडलंस?"

"साहेब, धूर..."

"विझलं ना? किल्ली आण इकडे. यापुढे वॉचमन बघेल."

बायका मुकाट्याने आत गेल्या. मेव्हणी दारात थबकली. "भावोजी, तुम्ही इथंच आहात ना?"

वॉचमनने दार ओढून घेतलं. कुलूप लागलं. इतक्या वर्षांत तो आवाज दुसऱ्याच्या हातून त्याने पहिल्यांदाच ऐकला.

चहाच्या सुट्टीत तो फाटकाबाहेर आला आणि ताईच्याच पत्राच्या कोऱ्या बाजूवर त्याने ते वाक्य लिहिलं. थांबला. खाली आणखी एक लिहिलं, 'आजपर्यंत कुलूप मी लावत होतो.' मग सही केली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्याने पाकीट सोडलं. रिकाम्या पेटीच्या तळाशी ते पडल्याचं ऐकू आलं. पेटी उद्या सकाळी उघडणार होती. मेव्हणीची पाळी सुटायला अजून रात्र व्हायची होती.