पंचांगाचा खिळा

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका गल्लीतल्या घरात माणसं मावत नव्हती, तरी सकाळपासून कुणी साधी खुर्ची हलवली नव्हती. पेले काढायला कपाट उघडलेल्या शेजारच्या काकू उघडं दार हातात धरून तशाच अवघडून उभ्या होत्या. दार लोटायला विधीसाठी बोलावलेल्या लियाव गुरुजींनी मनाई केली होती. गर्भदेव कुठल्या सामानात बसलाय ते अजून कळायचं होतं ना!

हा गर्भदेव म्हणजे पोटातल्या बाळाचा राखणदार. बाळंतपण होईपर्यंत तो घरातल्या सामानसुमानात राहतो, रोज जागा बदलतो आणि त्याला धक्का लागला की बाळ दुखावतं, अशी समजूत. या घरच्या चेंग-हायच्या बायकोला, युए-लीला, तिसरा महिना लागला आणि काल रक्त दिसलं. म्हणजे धक्का कुणीतरी लावला असणार!

"खिळा!" भिंतीपाशी थबकून गुरुजी ओरडले. "हा कुणी ठोकला?"

सगळ्यांच्या माना चेंग-हायकडे वळल्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खिळा त्यानंच ठोकला होता आणि तोही पंचांग टांगायला. गर्भदेव आज कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघता यावं म्हणून आणलेलं पंचांग!

"म्हणजे देवाचा पत्ता शोधायला गेलास आणि त्याच्याच डोक्यात खिळा घातलास," गुरुजी म्हणाले. "माफी माग भिंतीची."

चेंग-हायनं कमरेत वाकून भिंतीची माफी मागितली.

"जरा मोठ्यानं माग," त्याची आई म्हणाली, "भिंत जाड आहे."

एरवी तो खो खो हसला असता. पण आपल्याच हातानं आपलं बाळ जाणार, ही भीती आता त्याचं काळीज कुरतडत होती. त्या भिंतीपुढं त्यानं नाकसुद्धा घासलं असतं.

गुरुजींनी मग एक लांबलचक कापडी फलक उलगडला. त्यावर गुबगुबीत बाळांचे फोटोच फोटो. "या सगळ्यांच्या आयांना रक्त जात होतं. बघा, एकूण एक कशी टुणटुणीत!"

फलक डोळे भरून बघून झाल्यावर वरात आतल्या खोलीत शिरली. अंथरुणावरच्या युए-लीच्या पोटावर गुरुजींनी पिवळा कागद धरला, एका बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं आणि कागद लालभडक झाला. बायका किंचाळल्या. दुसऱ्या बाटलीतलं शिंपडलं, तर पुन्हा पिवळा.

"जखम बुजली! आता मूल होईपर्यंत हिनं उंबरा ओलांडायचा नाही. दवाखान्यात पोटावर ते यंत्र फिरवतात, त्यानं देव बिथरतो."

"उद्या तपासणी आहे माझी," युए-ली म्हणाली.

"राहू दे ना गं उद्या," चेंग-हाय रडवेला झाला. "मी आधीच एवढं करून ठेवलंय."

युए-ली शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि उठून बसली. "आई, चिकट भाताच्या पुड्यांत घालता ना, त्या खाराच्या पाण्याची बाटली आणा. आणि व्हिनेगर."

गुरुजी नको नको म्हणेपर्यंत तिनं त्यांच्या पिशवीतून कोरा पिवळा कागद ओढला आणि त्यावर खाराचं पाणी सांडलं. कागद लाल! वर व्हिनेगर ओतलं, कागद पिवळा!

"अगं बाई!" सासूनं हात जोडले. "देव माझ्या बाटलीत?"

"देव कसला, आई! कागदाला हळद फासलीय. हळदीला खार लागला की ती लाल होते, आंबट लागलं की पुन्हा पिवळी. माझ्या वर्गातली पोरं हेच करून एकमेकांचे रुमाल रंगवतात."

"कागदाचं सोड!" गुरुजी चवताळले. "ही बाळं खोटी आहेत का?"

"बाळं खरी आहेत. ज्यांची राहिली त्यांनी फोटो आणून दिले. ज्यांची गेली, त्यांचे फोटो कुठं लावता?"

बाहेरच्या खोलीतून काकूंचा आवाज आला. "माझ्या सुनेचं गेलं. गुरुजी म्हणाले, तिनं पलंग सरकवला. पोरगी अजून पलंगावर झोपत नाही, जमिनीवर निजते." आणि काकूंनी कपाटाचं दार धाडकन लोटलं. पेले खणखणले. गुरुजी फलक गुंडाळत निघाले, तो दारापर्यंत पोचल्यावरच नीट गुंडाळला गेला.

दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर इवलं हृदय धडधडताना दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके दिसले की रक्त जाऊनही बहुतेक बाळं टिकतात. पण जन्म थोडा आधी होऊ शकतो, वजन कमी भरू शकतं. म्हणून तपासणी चुकवू नका. रक्त वाढलं, पोटात दुखलं तर तडक या."

"आणि तो खिळा?" चेंग-हायनं घाबरत विचारलं आणि सगळं सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. "सुरुवातीला बाळ जातं, ते बहुतेकदा त्याची घडणच मुळात चुकलेली असते म्हणून. खिळ्यानं जात नाही, पलंग सरकवल्यानं जात नाही. तुमचं गेलं असतं, तरी तो तुमचा दोष नसता."

चेंग-हाय तिथंच ढसाढसा रडला. घरी जाताना तो आधी काकूंच्या सुनेकडे गेला आणि बाईंचं बोलणं जसंच्या तसं तिला सांगितलं.

मुलगी थोडी आधीच झाली, वजनाला हलकी. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि घसा ताणून रडत घरी आली. लगेच गुरुजींचा निरोप: फलकासाठी एक फोटो पाठवा! चेंग-हायनं हातोडी घेतली, त्याच भिंतीत पंचांगाशेजारी दुसरा खिळा ठोकला आणि फोटो तिथं टांगला. त्या ठोकाठोकीत पोरगी ढाराढूर झोपली होती.

तेव्हा, रक्त दिसलं तर दवाखाना गाठा. आणि बाळ राहिलं की श्रेय स्वतःकडे, गेलं की दोष बाईच्या माथी, असा धंदा मांडून कुणी दारात आलं, तर गेलेल्या बाळांचे फोटो त्याच्याकडे जरूर मागा.