गंगाबाईंचे उरलेले वाक्य

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. डिचोलीला कृष्णनाथ सरांच्या कपाटावर मी कित्येक वर्षे धूळ खात पडलो आहे. आता नवे काही ऐकण्याची मला ताकद नाही आणि खरे सांगायचे तर इच्छाही नाही.

सर कॉलेजात भाषा शिकवत. १९८६ साली गोव्यात राजभाषेचा वाद पेटला होता, घटकराज्याची बोलणी चालू होती. मला खांद्याला अडकवून सर गावोगाव फिरत. दारातच लोक विचारत, "हें मराठी म्हणान लिवतलास, काय कोंकणी म्हणान?" सर म्हणत, "तुम्ही बोला. मी फक्त ऐकतो."

त्यांना एकच गोष्ट हवी होती: लोकांच्या तोंडचे 'म्हणणे'. 'म्हणणे' हे बोलण्याचे क्रियापद, पण बोलणे संपले तरी त्याची सुटका नाही. 'उशीर झाला म्हणून' यात ते कारण वाहते, 'पाऊस येणार म्हणे' यात ऐकीव बातमी. मला त्याची दया येई. आम्ही दोघेही दुसऱ्यांचे बोलणे वाहून थकलेले.

पाळी गावातल्या खाणीवर बेळगावकडचा गणपत होता. तो कानडीत म्हणाला, "बर्तीनि अंत होद." येतो म्हणून गेला. तिथला 'अंत'सुद्धा बोलण्यातूनच आलेला, हे सांगताना सर खुलले. तिथली तांबडी धूळ माझ्या पोटात गेली ती गेलीच.

मग मांद्रे गाव. गंगाबाई दुपारभर बोलल्या. नवरा घर सोडून गेला तो दिवस, त्याआधीचे, त्यानंतरचे. घरात कुणाला न सांगितलेले सगळे त्या माझ्यापाशी बोलल्या. मध्येच दोनदा रडल्या. त्यांची लहानगी लेक मालती तेव्हा शाळेत गेली होती.

कॅसेटी महाग होत्या. सरांनी कामाची तेवढी वाक्ये दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतली आणि त्याच कॅसेटवर पुढच्या गावाचे बोलणे भरले. तांबडे बटण दाबले की जुने पुसले जाते. मित्रांनो, ते मी पुसले. माझ्या हातून झालेले ते सर्वांत वाईट काम.

सरांचा निबंध छापून आला, वाहवा झाली आणि मी कपाटावर गेलो.

गेल्या महिन्यात मालती आली. आता तिचेही केस पिकले आहेत. गंगाबाई वारल्या होत्या आणि त्या एकदा यंत्रापाशी मनातले बोलल्या होत्या, एवढेच तिला शेजारणीकडून कळले होते. सरांनी निवडक वाक्यांची कॅसेट माझ्यात घातली. मी घरघरलो.

"येतंय म्हणान गेलो," गंगाबाई म्हणाल्या. म्हणजे, येतो म्हणून नवरा गेला.

मालतीने ते तीनदा लावायला सांगितले. मग हळूच म्हणाली, "माका जल्मभर वाटलेला, बापूस आमका कंटाळून गेलो." डोळे पुसून तिने विचारले, "फुडे?"

पुढे कुणी अनोळखी म्हातारा पावसाबद्दल बोलत होता. सरांनी मला बंद केले.

"पुढचं माझ्या कामाचं नव्हतं, मालती," ते म्हणाले आणि खाली बघत राहिले.

मित्रांनो, कुणी म्हातारे माणूस बोलू लागले, तर तुमच्या कामाचे तेवढे उचलू नका. शेवटपर्यंत ऐका. मालती ते एक वाक्य ऐकायला पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे. तोवर माझा आतला, कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा तुटू नये, एवढेच मागणे.