कोटाचं विरजण

शिडी धाकट्याला गेली आणि माळा थोरल्याला. आता माळ्यावर चढायचं तर थोरल्यानं धाकट्याच्या दारात उभं राहायचं, आणि शिडी टेकवायची तर धाकट्यानं थोरल्याची भिंत मागायची. पण दोघा भावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटणी म्हणजे वाटणी. कोंबड्यांच्या खुराड्यात मधोमध तार ठोकली, निम्म्या कोंबड्या अलीकडं, निम्म्या पलीकडं. सगळ्या एकाच पैदाशीच्या, तांबूस, एकीला झाकावं अन् दुसरीला काढावं अशा. त्या तारेजवळ येऊन एकमेकींकडं माना वाकड्या करून बघत राहिल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतंच.

एवढा हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. ते शेपूट म्हणजे थोरल्या जावेची बरणी.

"बरणी निम्मी माझी," धाकटी जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"अगं, निम्मी कशाला, भरून देते तुला," थोरली म्हणाली. तिचा आवाज मुळातच मऊ. रागावली तरी समोरच्याला वाटायचं, ही पाणी हवंय का विचारतेय. "पण आज तळाला चार बोटंच उरलंय. दूध घालते, गूळ घालते, मुरू दे. वर आलं की आधी तुझं काढते, मग माझं."

"आणि तोवर त्यात तुम्ही काय काय मिसळाल, ते मी कुठं बघत बसू?"

"काय मिसळीन गं? विष?"

"तसं म्हटलं का मी? तुम्हीच म्हणालात!"

सासू उंबऱ्यात शेंगा सोलत बसली होती. तिला एका कानानं ऐकू यायचं नाही, दुसऱ्यानं ती ऐकायची नाही. ती म्हणाली, "बरणी वाटताय तर आंबट कुणाला नि वास कुणाला, तेही ठरवून घ्या."

त्या बरणीत होतं तरी काय? मागच्या पावसाळ्यात कोंबड्यांना पांढरी हगवण लागली होती आणि निम्मं खुराडं रिकामं झालं होतं. औषधाच्या बाटल्या आल्या आणि गेल्या, कोंबड्याही गेल्या. तेव्हा थोरलीनं तांदळाचं धुवण आंबवलं, त्यात दूध घातलं, वर चोथा आला तो काढून टाकला आणि खालचं पिवळसर पाणी गुळावर ठेवलं. तीनदा काळी बुरशी धरली. तिनं तीनदा बरणी घासली, उन्हात वाळवली, देवाला हात जोडले आणि पुन्हा लावलं. चौथ्यांदा विरजण धरलं. त्यात लसूण, आलं आणि ओव्याची पानं ठेचून टाकली. बादलीभर पाण्यात एक पळी, बस्स. कोंबड्यांचे तुरे लाल झाले, शीट घट्ट झाली, खुराड्याचा दर्प गेला. तेव्हापासून बरणीतलं थोडं मागं ठेवायचं, त्यावर नवं दूध घालायचं, असं ते चाललं होतं. थोरली म्हणायची, हे विरजण नाही, घरातलं एक माणूस आहे. फक्त ते उलटून बोलत नाही.

"दूध माझ्या शेळीचं होतं," धाकटी म्हणाली.

"आणि हात?" थोरला मध्ये पडला. "हात कुणाचा होता?"

"हात तुमच्या वाटणीला आलाय की दादा, तो कुठं मागतेय मी?"

शेवटी मापाऱ्याला बोलवायचं ठरलं.

मापारी बाजारात धान्य मोजायचा आणि पोत्यांना लाखेचं सील मारायचा. तंटा मोडायचा त्याचा एकच उपाय होता, सील मारणे. त्यानं रहाटाला सील मारलं होतं, कुंपणाच्या फाटकाला मारलं होतं, आणि एकदा तर एका गोठ्याच्या दाराला, आत वासरू असताना. त्याचं म्हणणं, सील मारलं की माणसाचं डोकं थंड होतं. अंगात बारा महिने काळा लोकरी कोट. उन्हात सगळं गाव उघडं बसलं असलं तरी याच्या कोटाचं वरचं बटणसुद्धा लागलेलं.

"दोन्ही बाजूंनी समान दूध, समान गूळ, आमच्यासमोर," मापाऱ्यानं हुकूम सोडला. "मग सील. पुढच्या बाजाराच्या दिवशी निवाडा. तोवर जो सील फोडेल, त्याचा हक्क बुडाला."

थोरलीनं मापात गूळ घातला. धाकटीनं मापात घातला आणि सगळे मापाऱ्याकडं बघत असताना मुठीएवढा आणखी एक खडा आत सोडला. आपला माल जास्त म्हणजे आपला हक्क जास्त, असा तिचा सरळ हिशेब.

मापाऱ्यानं बरणीच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि झाकण घट्ट बसवलं.

"काका, झाकण नको," थोरली म्हणाली. "तोंडाला फडकंच लागतं त्याच्या. जिवंत असतं ते, श्वास घेतं."

"जिवंत असेल तर साक्षीला उभं करू," मापारी म्हणाला आणि त्यानं वितळलेली लाख ओतली.

बरणी दोन्ही घरांना दिसेल अशी ओसरीच्या टोकाला स्टुलावर ठेवली. खाली सांडपाण्याचा चर. दिवसभर तिच्यावर ऊन.

मग हवा फिरली. आभाळ भरून आलं, पण पाऊस पडेना, नुसती चिपचिप. खुराड्यातला भुसा ओला झाला आणि त्याला कुबट वास सुटला. तारेच्या पलीकडची एक कोंबडी पंख ढिले टाकून कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी अलीकडच्या दोघी तशाच बसल्या. खाली पांढरं पाणी.

थोरलीनं लसणाचा आणि ओव्याच्या पानांचा रस पाजून पाहिला. कोंबड्या तेवढ्यापुरत्या डोळे उघडत आणि पुन्हा मिटत. तिनं दुसऱ्या भांड्यात नवं लावून पाहिलं. त्यावर काळी बुरशी आली. पलीकडची एक गेली, मग अलीकडची एक गेली. रोगाला तार दिसत नव्हती. रोग मरावा म्हणून धाकट्यानं घाईघाईनं चरात चुना ओतला.

आणि औषध तिथं स्टुलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, लाल लाख लावून बसलेलं.

"फोड की सील," थोरला हळूच म्हणाला. "नाहीतर मी फोडतो."

"फोडलं तर हक्क बुडतो."

"मग?"

खुराड्यात जी कोंबडी रोज तिच्या पायात घुटमळायची ती आज नुसती श्वास मोजत होती. थोरलीच्या मनात आलं, हक्क कसला घेऊन बसलोय आपण? उद्या देवानं विचारलं, तुझ्या हाती दिलेले जीव कुठं आहेत, तर काय दाखवू? लाख?

ती उलथनं घेऊन ओसरीवर आली. बघते तर दुसऱ्या टोकानं धाकटी येतेय, हातात सुरी, डोळे सुजलेले. दोघी बरणीच्या दोन बाजूंना थांबल्या.

"तू कशाला आलीस गं?"

"तुम्ही कशाला आलात?"

"सील फोडायला. तुझी होऊ दे बरणी."

"वा! म्हणजे चांगुलपणा तुमच्या नावावर? मी फोडणार. तुमचीच होऊ दे."

"अगं, मी मोठी आहे."

"मोठ्यांनीच सगळं बुडवायचं का?"

आता त्या बरणी गमावण्यावरून भांडायला लागल्या, आणि तेवढ्यात मापारी आला. बाजाराचा दिवस होता.

"हात लावू नका!" तो ओरडला. "सील म्हणजे सील. आधी मी माल तपासणार." तो वाकला आणि त्यानं बरणीला कान लावला. त्याची भुवई वर गेली. "आत कोणीतरी कुजबुजतंय."

"काका, मागं व्हा," थोरली म्हणाली. पण तिचा आवाज मऊ, मापाऱ्याला वाटलं ती बसायला सांगतेय. तो आणखी जवळ टेकला.

धडाम झालं. झाकण कौलांवर गेलं आणि दोन कौलं घेऊन खाली आलं. बरणी कलंडली, चरात पडली, फुटली, आणि तळाशी उरलेलं सगळं चुन्यात मिसळून गेलं. आतलं बाकी जे होतं ते मापाऱ्याच्या अंगावर होतं. कोटाच्या कॉलरवर लसूण, खिशात ओव्याची पानं, आणि बटणांवरून पिवळं पाणी ठिबकतंय.

"साक्ष झाली," सासू शेंग सोलत म्हणाली.

थोरलीनं चराकडं पाहिलं. चुन्यात पडलेलं मेलं. मग तिनं मापाऱ्याच्या कोटाकडं पाहिलं. लोकर चांगली जाड, भरपूर प्यालेली.

"काका," ती म्हणाली, "कोट काढा."

"का म्हणून?"

"विरजण कोटात आहे."

धाकटीला ते क्षणात उमगलं. तिनं उजवी बाही धरली, थोरलीनं डावी. लग्न होऊन या घरात आल्यापासून दोघींनी एक काम एका वेळी करायची ही पहिलीच खेप. पण मापारी कोट छातीशी आवळून उभा. "जीव गेला तरी कोट निघायचा नाही!"

ओढाताणीत वरचं बटण उघडलं आणि थोरलीला आतलं दिसलं. आत सदरा नव्हता. गळ्याशी नुसती कॉलर होती, मनगटांवर कफ होते, आणि मधे मापारी होता. तिनं पटकन बटण लावून टाकलं आणि धाकटीचा हात बाजूला केला.

"राहू द्या, काका. कोट नका काढू. कोटासकट बसा."

"कुठं बसू?"

अशा रीतीनं गुरांना पाणी पाजायची, धाकट्याच्या वाटणीची पत्र्याची डोण अंगणात आली, त्यात थोरलीच्या वाटणीचं तांदळाचं कोमट धुवण पडलं, वर धाकटीच्या शेळीचं दूध आणि थोरलीचा गूळ, आणि मध्ये मापारी, मांडी घालून, गळ्यापर्यंत.

"हे कायद्यात बसत नाही," मापारी म्हणाला.

"डोणीत बसतंय ना, मग झालं," धाकटी म्हणाली. "जरा हात हलवा, काका. बाहीतलं बाहेर येऊ दे."

वाटेनं जाणारे थांबू लागले. एकानं विचारलं, काकांना काय झालंय? थोरला म्हणाला, मुरताहेत. कोणी पुढं काही विचारलं नाही.

थोड्या वेळानं थोरलीनं आतल्या खोलीत टॉवेल ठेवला, त्याखाली थोरल्याचा एक सदरा घडी घालून ठेवला आणि सगळ्यांना काहीतरी काम सांगून अंगणाबाहेर घालवलं. परत आली तेव्हा डोणीत नुसता कोट तरंगत होता आणि मापारी सदरा घालून ओसरीवर बसला होता. सदऱ्याबद्दल तो बोलला नाही, तीही बोलली नाही.

डोणीवर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी फडकं उचललं तर कोटाच्या खिशांतून बारीक बुडबुडे येत होते. वास आंबट, पण सात्त्विक. थोरलीनं बोट बुडवून चाखलं आणि डोळे मिटले. "धरलं," ती म्हणाली. तारेच्या दोन्ही बाजूंना बादल्या गेल्या. आधी चोची बुडाल्या, मग पंख आवरले गेले, मग शीट घट्ट झाली. एके सकाळी खुराड्यात दाण्यावरून मारामारी जुंपली, तेव्हा धाकटी तारेला धरून हसत हसत रडली.

मग मापारी आला. "कोट माझा."

"कोटातलं आमचं," धाकटी म्हणाली.

मापाऱ्यानं बराच विचार केला आणि सवयीनं खिशाकडं हात नेला.

"काका, लाख नको!" दोघी एकदम ओरडल्या. थोरलीचा आवाज इतका चढलेला गावानं पहिल्यांदा ऐकला.

"बरं बरं. मग निवाडा ऐका. उजवी बाही थोरलीची, डावी धाकटीची, धड माझं."

थोरलीनं कात्री आणली आणि खांद्याची शिवण हलक्या हातानं उसवली. दोन बाह्या दोन भांड्यांत गेल्या. मापाऱ्यानं ओलं धड पिळून सदऱ्यावर चढवलं, सगळी बटणं लावली आणि मोठ्या तोऱ्यात वाटेला लागला.

खुराड्याची दारं उघडी होती. रोज ज्या वासाची बादली समोर यायची तो वास आता वाटेनं चालला होता. आधी एक कोंबडी निघाली, मग दहा, मग दोन्ही बाजूंच्या सगळ्या. मापारी पुढं, कोंबड्या मागं, एका रांगेत, कोणी कोणाला ढकलत नाही. मापाऱ्यानं मागं वळून पाहिलं आणि तो पळत सुटला. कोंबड्याही पळत सुटल्या. त्यांच्यामागं थोरली, तिच्यामागं धाकटी, धापा टाकत, "ये ये ये" करत. पार बाजाराच्या अलीकडं त्यांनी कोंबड्या गोळा केल्या आणि टोपल्यांत, काखेत, जमेल तशा घरी आणून अंगणात सोडल्या.

सगळ्या तांबूस. सगळ्या सारख्या. सगळ्या धडधाकट.

दोघी त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"ही तुमची वाटते," धाकटी म्हणाली.

"तुझी असेल गं. तुझ्याकडं बघतेय."

"ती सगळ्यांकडंच बघते."

थोरल्यानं डोकं खाजवलं. धाकटा तारेकडं बघून म्हणाला, "आता कोणती कुणाची, कसं ठरवायचं? मापारी काकांना बोलावू का?"

थोरलीनं एकच बादली भरली, पळीभर आंबट पाणी घातलं आणि अंगणाच्या मधोमध ठेवली. धाकटीनं आत जाऊन पक्कड आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"आधी तार काढा," ती म्हणाली.