मुका खांब

बसस्थानकावरच्या निवेदकाला सगळे भोंगा म्हणत. त्याला ते माहीत होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता. संध्याकाळी माणूस घरी यायचा, पण आवाज ड्यूटीवरच असायचा. "दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे, संबंधितांनी त्वरित गॅसजवळ जावं," असं तो बैठकीतून पुकारायचा आणि संबंधित म्हणजे त्याची बायको त्वरित गॅसजवळ जायची. तिने कधी मधे काही बोलायचा प्रयत्न केलाच, तर तो हात वर करून म्हणायचा, "एक मिनिट, माझं होऊ दे." त्याचं काही झालं नाही. लग्नापासून ते एक मिनिट चालूच होतं.

अशा माणसासमोर एका संध्याकाळी बायको पांढऱ्या सुती दोऱ्याचा गुंडा आणि क्रोशाची सुई घेऊन बसली. तिच्या उजव्या अंगठ्याला जाडजूड बँडेज होतं. भोंग्याच्या समजुतीप्रमाणे ती चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासायला होती आणि तिथल्याच जिन्यावर घसरली होती.

"शनिवारी मी धाकट्या बहिणीकडे चाललेय, समुद्रावर," ती म्हणाली. "पोहायच्या कपड्यांवरून घालायला एक स्कर्ट हवाय. माझा अंगठा हा असा. तुम्ही विणाल का? अगदी नवशिक्यालाही जमतो."

भोंग्याने विणकामाच्या इतिहासावर एक भाषण ठोकलं, आणि त्याचा अर्थ "हो" असा निघाला. साखळी त्याला पटकन जमली. ती कमरेला पुरेल एवढी झाल्यावर बायकोने दोन टोकं जोडून गोल करायला लावलं. मग म्हणाली, "आता सगळे मुके खांब घालायचे."

"मुके?"

"हं. मुके."

इथेच घोटाळा झाला. बसस्थानकात शब्द हा नियम असतो. प्रवेश बंद म्हणजे बंद आणि थांबा म्हणजे थांबा. तेव्हा मुका खांब म्हणजे तोंड मिटून घालायचा खांब, यात भोंग्याला काडीचीही शंका वाटली नाही. पहिला खांब घालून तो "झाला!" म्हणून ओरडला, लगेच जीभ चावली आणि बाटलेला तो खांब उसवून टाकला. बायको बघत राहिली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, आणि परत मिटलं.

त्याने खुणेनेच विचारलं, ओळ संपते कुठे?

"गोल आहे ना, संपत नाही," ती म्हणाली. "सलग घालत राहायचं."

भोंग्याने साखळी दोनदा फिरवून टोक शोधून पाहिलं. पण घेतलेलं काम अर्धवट टाकणाऱ्यातला तो नव्हता. ओळ उघडी असताना बोललो तर घातलेले सगळेच खांब बाद होतील, असा त्याने हिशोब केला आणि तोंडाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी तो स्कर्ट घेऊनच कामावर गेला. माईकसमोर बसून मान खाली घालून विणत राहिला. बसस्थानकात हाहाकार माजला. दंतवैद्यांचं एक अख्खं संमेलन भलत्याच गावी पोहोचलं, तिथल्या लोकांचे दात तपासून परत आलं आणि फार छान सोय झाली म्हणून आभार मानून गेलं. डेपो मॅनेजर धावत केबिनमध्ये आला, विणकाम बघून दारातच थबकला आणि हळूच म्हणाला, "किती राहिलंय?" भोंग्याने हाताने गोल काढून दाखवला. मॅनेजरने समजल्यासारखी मान हलवली, बाहेर जाऊन ड्रायव्हर लोकांना चपला काढून चालायला सांगितलं आणि माईकवर रुमाल टाकला. तिसऱ्या दिवसापर्यंत प्रवासी एकमेकांना कुजबुजत विचारून बसमध्ये चढू लागले. तक्रार एकच आली, की हे आधी का सुचलं नाही.

इमारतीत वेगळीच तऱ्हा. संध्याकाळी बायको खिडकीशी बसून टाके मोजायची. "अहो, हा एक मुका राहिला बघा. हा घ्या, आणि अजून दहा द्या!" खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने पहिल्या दिवशी धाडकन खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या नवऱ्याला वर पाठवलं, "जरा शिकून या" म्हणून. तो बिचारा कोपऱ्यात बसून दोरा गुंडाळायला शिकला आणि निराश होऊन खाली गेला.

आणि घर शांत झाल्यावर बायको बोलू लागली. सुरुवातीला जपून, दर वाक्यानंतर त्याच्याकडे बघत, आता हात वर होईल, मग होईल. हात विणण्यात गुंतलेले होते.

"मी कारखाना सोडला, त्याला दोन वर्षं झाली," ती म्हणाली.

भोंग्याची सुई अडकली.

"सांगितलं होतं तुम्हाला. तीनदा सांगितलं. निरोप समारंभ होता, त्यांनी मला घड्याळ दिलं. ते काय, भिंतीवर आहे." भोंग्याने भिंतीकडे पाहिलं. त्याच घड्याळात बघून तो रोज घरातल्यांना वेळ पुकारत असे. "मग रोज डबा घेऊन कुठे जाते, विचारा ना. बरं, नका विचारू. पोहायच्या तलावावर जाते. शिकले मी पोहायला."

त्याला ओरडून विचारायचं होतं, तलाव? तू? तुला तर बादलीत हात घालायला भीती वाटते! पण ही भीती त्यानेच एकदा चारचौघांत पुकारली होती. तिने तसं कधी म्हटलेलं त्याला आठवेना. त्याने मुकाट्याने पुढचा खांब घातला.

रोज संध्याकाळी ती एकेक गोष्ट सांगू लागली. तलावावर एक रखवालदार होता. शिट्टी, लाल टोपी, पिळदार मिश्या, सगळा थाट. फक्त त्याला पोहता येत नव्हतं. नोकरी मिळाली तेव्हा कोणी विचारलं नाही आणि नंतर सांगायची सोय राहिली नाही. पाण्यापासून लांब राहायला तो रोज नवी सबब काढायचा. एकदा म्हणाला, पाणी आज थकलंय. एकदा त्याने तलावालाच सुट्टी देऊन टाकली. भोंगा आतल्या आत हसून लाल व्हायचा. त्याची बायको इतकी गमतीशीर आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? बोलायला तो कोणाला द्यायचा?

कामावरून घरी येताना त्याची पावलं झपझप पडू लागली. कधी एकदा सुई हातात घेतो आणि ती बोलायला लागते, असं त्याला व्हायचं.

शुक्रवारी ती म्हणाली, "धाकटी म्हणतेय, परत जायची घाई करू नकोस. वरची खोली तुझीच समज. समुद्र दिसतो तिथून." तिने गुंड्याचा दोरा मोकळा केला. "मी जवळजवळ हो म्हणालेय. म्हणून मोठी बॅग भरलीय."

भोंग्याच्या तोंडात इतके शब्द दाटले की कान दुखायला लागले. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं तर स्कर्ट वाया, आणि तिने आयुष्यात एवढी एकच गोष्ट मागितली होती. तो घाबरून आणखी जोरात विणू लागला. स्कर्ट गुडघ्यांवरून खाली आला, घोट्यांपर्यंत गेला, जमिनीवर पसरला. बायकोने थांबा म्हटलं नाही. तीही बोलायची थांबली नव्हती.

"तर त्या दिवशी," ती सांगत होती, "रखवालदाराची टोपी वाऱ्याने उडाली. ती धरायला तो वाकला, आणि धपकन पाण्यात. आजूबाजूला सगळे हसतायत. त्यांना वाटलं पोहतोय. शिट्टी तोंडात तशीच, बुडबुड वाजतेय. आणि मग..."

तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली, आणि ती उठून गेली ती सकाळी निघायच्या तयारीलाच लागली.

शनिवारी मेहुणी गाडी घेऊन आली. खालची शिक्षिका जिन्यात आली होती, नवऱ्यासकट. डेपो मॅनेजरही पोहोचला होता, कारण आज काम पुरं होणार अशी बातमी होती. मेहुणीने स्कर्ट उचलला, म्हणजे उचलायचा प्रयत्न केला, आणि मटकन खाली बसली.

"ताई, हे काय गं? हे घालून पाण्यात गेलीस तर नांगर टाकल्यासारखी जाशील. आणि जाळी कुठाय? वर चार बोटांचा पट्टा मुक्या खांबांचा, मग खाली सगळी जाळी ना? पट्टा झाल्यावर भावोजींना सांगितलं नाहीस?"

बायको खिडकीतून बाहेर बघू लागली.

"आणि भावोजी, तुम्ही असे गप्प का?"

"मुके खांब चाललेत ना," मॅनेजर कुजबुजला.

मेहुणी हसून हसून बेजार झाली. "अहो, सुईवर आधी दोरा न घेता घालतात, बुटका राहतो, म्हणून मुका खांब! बोलायला कोणी बंदी केलीय?"

भोंग्याने बायकोकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झाले होते. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या खांबापासून माहीत होतं. त्याला राग यायला हवा होता, आणि तो यायची त्याने वाटही पाहिली. आली ती लाज. एवढंसं बोलता यावं म्हणून या बाईला एका स्कर्टचा नांगर करावा लागला होता.

"बोला आता!" मॅनेजर म्हणाला, आणि सवयीने सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

भोंग्याने सुई खाली ठेवली. आवाज गंजला होता, दोनदा खाकरावं लागलं.

"मग त्या रखवालदाराला बाहेर कोणी काढलं?" त्याने विचारलं.

बायको वळली. तिच्या गोष्टीबद्दल त्याच्या तोंडून प्रश्न तिने आजवर ऐकला नव्हता. पुढचं वाक्य तोच पुकारेल म्हणून तिने वाट पाहिली. तो तसाच, तिच्याकडे बघत बसून राहिला.

तिने बँडेजवाला अंगठा हळूच वर केला.

"ओढून काढताना त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकला होता," ती म्हणाली.

"जिन्यावर नाही?"

"जिना तुम्हीच ठरवलात."

"फार दुखलं का गं?"

स्कर्टचा तो ढीग तिने दोन्ही हातांनी छातीशी उचलून धरला, चांगला जड होता, आणि बहिणीला म्हणाली, "अगं, ती मोठी बॅग राहू दे. माळ्यावरची छोटी काढ."