सुरंगबावीची तोंडं

जनवाड्याच्या रस्त्यावरच्या त्या वाडीत खड्ड्यांचं कुणाला नवल नव्हतं. शेताशेतांत विहिरीसारखे गोल, दगडात कोरलेले खड्डे होते. कुणी म्हणे, खाली सुलतानाचा खजिना आहे. कुणी त्यात काटेकुटे टाकी. खड्डे एका ओळीत आहेत, हे बीदरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या स्नेहाच्या लक्षात आलं, तेही माहेरी आल्यावर गच्चीवर वाळवण घालताना.

तिनं सगळ्यात वरच्या खड्ड्यात परमँगनेट ओतलं. दुपारी गावाखालच्या दगडी कुंडात गुलाबी पाणी उतरलं आणि धुणं धूत बसलेली राजूबाई ओरडत उठली, "अगं माय, माझं पांढरं लुगडं!"

स्नेहाला हसू आवरेना. ही सुरंगबावी होती, जमिनीखालचा पाट. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून शेकडो वर्षांमागं ठेवलेली तिची तोंडं म्हणजे हे खड्डे. माळाच्या जांभ्या दगडात मुरलेलं पाणी उपशाशिवाय कुंडात येत होतं. उन्हाळ्यात बोअर आटले की खालच्या गल्लीला तेवढाच आधार.

पण बीदर वाढत वाढत वाडीपर्यंत आलं होतं, शेतांचे प्लॉट पडत होते. तोंडं बुजली की पाणी गेलंच. स्नेहानं सरकारी कचेरीत खेटे घालून पाहणीची तारीख मिळवली. झुडपांत साहेबांच्या नजरेतून काही सुटू नये म्हणून भर उन्हात हिंडून तिनं प्रत्येक तोंडाभोवती चुन्याचं रिंगण ओढलं.

"हे काय करायलीस, पोरी?" माळावरच्या आपल्या शेताच्या बांधावरून तिचे चुलते आप्पाराव म्हणाले.

"काका, सुरंगबावीला संरक्षण मिळणार. मग आसपास बांधकाम करता येत न्हाई."

"आसपास म्हंजी किती?"

तिनं अंतर सांगितलं, नियम सांगितला, वर्गात सांगते तसा. आप्पारावांनी मन लावून ऐकलं, आणखी एकदोन गोष्टी विचारल्या आणि तिला जेवायला घरी नेलं.

पाहणीची जीप आली तेव्हा माळ सपाट होता. ताज्या मुरमावर जेसीबीच्या चाकांचे वळ होते आणि प्लॉटचे दगडही रोवलेले होते.

"कुठंय, मॅडम?" साहेबांनी विचारलं. तिनं मोबाईलमधले फोटो दाखवले. "फोटो ठीक आहेत. जागेवर काही दिसायला पाहिजे की."

आप्पारावांनी साहेबांच्या हातात चहा दिला.

"काका, खाली पाणी आहे, ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"तू सांगितल्यावर कळलं. आधी निम्मे खड्डे आम्हालाबी दिसत नव्हते, बाई. तू गोल करून दिलीस, ड्रायव्हरचा एकबी चुकला न्हाई." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते मनापासून कौतुक करत होते.

स्नेहा कुंडावर गेली. करंगळीएवढी गढूळ धार पडत होती. राजूबाई घागर लावून बसली होती.

"आज असं कामून यायलंय गं?"

"बोगद्यात साचलेलं तेवढं येतंय, मावशी. संध्याकाळपर्यंत पुरेल."

"आन् उद्या?"

"जेवढं भरता येईल तेवढं आजच भरा. सगळ्यांना बोलवा."

राजूबाई उठली. "कुणी बुजवलं?"

"माझ्या काकांनी."

राजूबाईनं गल्लीच्या तोंडाशी जाऊन बायांना हाका मारल्या आणि तिथूनच आप्पारावांच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. स्नेहा धारेखाली घागर धरून खाली मान घालून बसली. तिचं नाव त्यात कुठंच नव्हतं.