परतीचा कौल

युरोप म्हणजे काय भाट्याचा पूल आहे, या टोकाला चढलं आणि त्या टोकाला उतरलं? पण हे नातेवाइकांना कोण सांगणार! दिशाने सात रात्रींचा बेत आखायला घेतला मात्र, जो तो शहाणपण शिकवायला पुढे. पालीचा मामा तर फोनवर हटूनच बसला, "परत कोण मरायला जातंय तिकडं? पॅरिस, रोम, व्हेनिस, लंडन, सगळं उरकूनच या."

"मामा, लंडनचा व्हिसा वेगळा," दिशा म्हणाली. "आणि रोज गाव बदललं तर बघणार काय, बॅगा?"

शाळेत भूगोल शिकवणारी ती, नकाशाला भुलणार थोडीच! आईचे गुडघे दुखरे, बाबांना दुपारची झोप हवी. जाण्यायेण्यात दिवस मोडणार, पोचल्यावर पहिल्या रात्री झोपेचं खोबरं होणार. म्हणून तिने दोनच मुक्काम धरले, पॅरिस आणि मग स्वित्झर्लंडमधलं तळ्याकाठचं एक गाव. बास झालं.

स्वित्झर्लंडच का धरलं, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. पॅरिसहून उत्तरेला जायचंच नव्हतं तिला. उत्तरेला अँटवर्प होतं.

अँटवर्पच्या बंदरात तिचा भाऊ शुभंकर गेला. गेला असं म्हणायचं तेही घरात चोरून. बोटीवर इंजिनाकडे कामाला होता. बोट धक्क्याला लागली तेव्हा होता, सकाळी हजेरीला नव्हता. नदी धुंडाळली, सापडला नाही. कंपनीने त्याची बॅग तेवढी पाठवली. याला सहा वर्षं झाली, पण आईने, मथुराने, ना दिवसकार्य करू दिलं, ना फोटोला हार घालू दिला. बाबा, हरिश्चंद्र, जन्मभर बोटीवर सुकाणी होते. पोराला बोटीवर चढवलं ते त्यांनीच, चार ओळखी लावून. तेव्हापासून नवराबायको कामापुरतं बोलत, जेवणाच्या नावाने दोन घास चिवडत आणि ओटीवर बसत तेही समुद्राकडे पाठ करून. म्हणून तर दिशाने हा सगळा घाट घातला होता. भाऊ गेला तो गेला, उरलेली दोन माणसं तरी तिला जिवंत हवी होती.

आणि एका संध्याकाळी आई चक्क येऊन नकाशावर वाकली. दिशाला काय आनंद झाला म्हणून सांगू! आईने बोट ठेवलं ते ॲमस्टरडॅमवर.

"हितली फुलं बघायची मला."

"आई, आपण जाऊ तोवर फुलांचा हंगाम सरेल गो."

"सरू दे. पाणी तर असेल."

आईने बोट खाली ओढलं, ॲमस्टरडॅमवरून पॅरिसकडे, आणि मधेच थांबवलं. तिथलं नाव दिशाला वाचावं लागलं नाही.

"रस्त्यातच तर हाय," आई म्हणाली.

"नाही!" दिशा एकदम ओरडलीच. "काय आहे तिथं? क्रेन आणि लोखंडी डबे! काय बघणार तू?"

"तो जिथं हाय ती जागा बघेन." आईचा आवाज अगदी सरळ होता, बाजारात भाव विचारावा तसा. दिशाला त्या आवाजाचीच जास्त भीती वाटली.

बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, "भांडू नका. कौल लावू. देवी सांगेल तसं."

वाडीत होडी पाण्यात घालायची असो की लग्न जमवायचं असो, देवीचा कौल घेतल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. दिशा शिकलेली, ती असल्या गोष्टींना हसायची. पण त्या दिवशी देवळाच्या पायऱ्या चढताना तिने मनात हात जोडले. नको म्हण गं बाई, एवढ्या वेळी नको म्हण.

सदू गुरवाने पाषाणाला पाणी घातलं आणि दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बाय माझे आई, वाडीचे मालकिणी! ही तुझी लेकरं परमुलखात निघालीत..."

"व्हय म्हाराजा!" तिघं म्हणाली.

"जिथं पोर हरवलं त्या पाण्याशी जाऊ म्हणतात..."

"व्हय म्हाराजा!"

"तिथं जाऊन तिघंही सुखरूप माघारी येतील, तर उजवा दे. नसतील, तर डावा दे आणि मोकळं कर!"

"व्हय म्हाराजा!"

कितीतरी वेळ काही हललं नाही. बाहेर कुणीतरी आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होतं, तेवढाच आवाज. मग डावी कळी सुटली आणि घरंगळत खाली आली. दिशाने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. आईने ती पडलेली कळी उचलली, पदराला बांधली आणि चालू लागली.

झालं, सुंठेवाचून खोकला गेला, असं दिशाला वाटलं. पण आठवडा उलटला नाही तोच, सकाळी घावणे उलटता उलटता आई म्हणाली, "मी पुन्हा कौल लावून घेतला. उजवा दिलान देवीने."

"पुन्हा कसा लावलास?"

"सदूने लावला. विचार त्याला."

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "देवीने दिला ना? मग आता तू मधे पडू नको, दिशा."

काय करणार? तिने स्वित्झर्लंड गाळून बेत बदलला. आधी पॅरिस, मग गाडीने अँटवर्प. तिथे राहायचं नाही, स्टेशनातल्या लॉकरमध्ये बॅगा टाकायच्या, दुपारी नदीवर जाऊन यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने ॲमस्टरडॅम गाठायचं. रात्री पॅरिसला जास्त, म्हणून व्हिसा फ्रान्सचा. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आली तिघं. व्हिसा आला, तिकिटं निघाली.

आणि आई बदलली! पोटभर जेवायला लागली, केसांना तेल लावायला लागली, बाबांशी चार शब्द बोलायला लागली. संध्याकाळी दोघं ओटीवर बसत ती आता समुद्राकडे तोंड करून. दिशाला वाटलं, आपणच वेड्या, आधीच न्यायला हवं होतं हिला. मग एके दिवशी आईने मसाल्याचं सगळं प्रमाण शेजारच्या नम्रताला तोंडपाठ करून घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी हातातल्या पाटल्या काढून दिशाच्या हातात चढवल्या.

"अगं, मला कशाला? परत आल्यावर तूच घाल ना."

"तुला शोभतात," आई म्हणाली आणि मासळी साफ करायला उठून गेली.

निघायला थोडेच दिवस उरले असताना सदू गुरव बाजारात भेटला. तो दिशाला चुकवून निघाला होता, तिने पाठलाग करून गाठला.

"सदूकाका, दुसऱ्या वेळी उजवा कसा पडला?"

सदू इकडेतिकडे बघू लागला. "बाय, मी नको म्हणत होतो. तुझी आई एकटी आली. म्हणाली, माघारी यायचं विचारू नको. पोचेन का तेवढंच विचार."

"आणि तुम्ही विचारलंत?"

"पायरीवर बसून राहिली गो, उन्हात! शेवटी विचारलं. माझा हात बाजूला व्हायच्या आत उजवी पडली." सदूने डोळे पुसले. "मी म्हटलं, आता परतीचंही विचारतो. तर पदर झटकून उठली."

दिशाच्या मनात आलं, तिकिटं रद्द करावीत? पण मग इथे आई पुन्हा त्या दोन घासांवर येईल आणि भिंतीला टेकून संपून जाईल, डोळ्यांदेखत. नेलं तर निदान आपण बरोबर असू. तिथे क्षणभरही सोडायचं नाही तिला. एक हात मी धरीन, दुसरा बाबा धरतील. बाबांना पाण्याची, धक्क्याची सगळी जाण आहे. हे मनाशी घोकतच ती घरी आली. बाबांना तिने सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "मी असेन तिच्याबरोबर." दिशाला केवढा धीर आला.

तरी निघायच्या दिवशी तिने सदूला मुद्दाम घरी बोलावलं. अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं पुरं व्हायलाच हवं होतं तिला. गाडी दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या. सदूने उंबऱ्यावर नारळ ठेवला. तिघं हात जोडून उभी राहिली, मधे आई.

"बाय माझे आई! तुझी लेकरं आज निघाली..."

"व्हय म्हाराजा!" तिघांचा आवाज ओटीभर घुमला.

"परमुलखात त्यांच्या पाठीशी रहा..."

"व्हय म्हाराजा!"

सदूने एकदा दिशाकडे बघितलं आणि आवाज चढवला. "आणि जशी जाताहेत, तशी तिघंही ह्याच उंबऱ्यातून सुखरूप घरात येऊ देत!"

"व्हय म्हाराजा!" दिशा जीव तोडून म्हणाली.

आईचे ओठ मिटलेले होते. ते दिशाला ठाऊकच होतं. म्हणून तिने आईच्या पलीकडे, बाबांकडे पाहिलं. बाबा समोर समुद्राकडे बघत होते. त्यांनी आईचा हात घट्ट धरला होता, आणि त्यांचेही ओठ मिटलेले होते.