बर्फ न धरणारी जागा

अख्खं आलितुस गाव बर्फाखाली गेलं, तरी शाळेमागचा एक पट्टा हिरवागार राहायचा. घराघरांत ऊब पोचवणारा गरम पाण्याचा पाइप तिथून जात होता आणि त्याभोवतीचा, ऊब बाहेर जाऊ न देणारा फोम नासला होता. पाइप सांभाळणाऱ्या कंपनीला हे उशिरा कळलं. मांजरांना आणि अल्बिनासला केव्हाच ठाऊक होतं.

अल्बिनास हा यादविगाचा धाकटा भाऊ. दारूपायी घराबाहेर पडला होता. पडला कसला, तिनंच काढला होता. "प्यायलेला असशील तर माझा उंबरा ओलांडू नकोस," असं ती एकदा संतापून बोलली आणि त्या गाढवानं जन्मात हा एकच शब्द पाळला. हिवाळाभर तो त्या पट्ट्यावर पुठ्ठे अंथरून निजायचा.

आणि कंपनीत फोम तपासणं हे यादविगाचंच काम. पाइप उघडून तिनं फोमची गुल्ली कापून काढली. चांगला फोम फिका पिवळा, बारीक जाळीचा असतो. हा करपून तपकिरी झाला होता आणि दाबला की पाणी सोडत होता.

पुठ्ठ्यावर बसून अल्बिनास गंमत बघत होता. "काय ताई, नापास का?"

"पाण्यात उकळून चाचणी घ्यायचीसुद्धा गरज नाही."

"एक हिवाळा ढकल की. तुझ्या सहीवर तर आहे सगळं."

तिचा हात थबकला. पण पलीकडच्या इमारतींत म्हातारी माणसं कोट घालून जेवत होती, त्यांची ऊब इथे मातीत जिरत होती. "नवा पाइप पडणार," ती म्हणाली. "तू घरी ये."

"येईन ना. शुद्धीत असलो की."

नसलास तरी ये, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचाही हट्ट काही कमी नव्हता. तिनं बटाट्याच्या कुगेलिसचा डबा त्याच्या हातात कोंबला आणि ती निघून गेली.

नवा पाइप पडला. पहिलं बर्फ पट्ट्यावर सलग साचलं तेव्हा साहेबांनी, स्किर्मांतासनी, खूश होऊन सगळ्यांना केक चारला. अल्बिनास मात्र घरी आला नाही.

मग ते बर्फ वितळलं, पुन्हा एका रात्री नवं पडलं आणि सकाळी साहेबांचा फोन आला. "यादविगाबाई, शाळेमागे बर्फात उघडी जागा दिसतेय. पाइपाचा सांधा गेला वाटतं. बघून या."

तिनं माणसं लावून तिथंच एका कडेला खणलं, गुल्ली काढली. पिवळी, बारीक जाळीची, कोरडी ठणठणीत. मग ही जागा उघडी कशी? ती चक्रावली.

शाळेची झाडूवाली कठड्याशी उभी होती. "पाइपाचं काय बघताय, बाई? तो नव्हता का, मांजरांना पाव घालणारा? काल झिंगून आला आणि सवयीनं तिथंच आडवा झाला. वरून रात्रभर बर्फ पडलं. त्याच्या अंगाखाली तेवढी जमीन राहिली. पहाटे उचलून नेला. गोठून गेला हो बिचारा."

यादविगा त्या जागेकडे बघत राहिली. जेमतेम एका माणसाएवढी होती.

खिशातला फोन वाजला. "काय हो, कसा निघाला फोम?"

"चांगला आहे, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "जरासुद्धा ऊब वर येत नाही."

आणि तिथंच बर्फात बसून ती धाय मोकलून रडू लागली.